अनुकृती आणि नियम : आंतोनी गाउदीचे जीवन आणि वास्तुकार्य

कला ही निसर्गाची अनुकृती आहे काय, हा प्रश्न साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला नवा नाही. भरताच्या रससूत्रावर भाष्य करताना शंकुकाने रस म्हणजे स्थायीभावाचे अनुकरण असे मत मांडले. भट्टतौताने आणि त्याचा शिष्य अभिनवगुप्त याने ते खोडून काढले. अनुकरण नेमके कशाचे, कोणी आणि कोणाच्या दृष्टीने, हे तीन प्रश्न विचारताच शंकुकाची भूमिका डळमळू लागते, असे त्यांच्या युक्तिवादाचे सूत्र होते. हा वाद नाट्याविषयीचा होता. परंतु ज्या कलेत कृतीला स्वतःचा भार स्वतः पेलून उभे राहावे लागते त्या वास्तुकलेत हाच प्रश्न वेगळ्या आणि अधिक कठोर रूपात उभा राहतो. कवीने वृक्षाचे वर्णन चुकीचे केले तर रसिक नाराज होईल. वास्तुकाराने वृक्षाचे अनुकरण चुकीचे केले तर छत कोसळेल.

आज 'जैवानुकृती' या नावाने ओळखली जाणारी विचारसरणी आणि संगणकाच्या साहाय्याने चालणारा प्राचलाधारित अभिकल्प यांची चर्चा वास्तुशास्त्रात सर्वत्र होत असते. या दोन्हींचा पूर्वसूरी म्हणून ज्याचे नाव बहुधा सर्वप्रथम घेतले जाते त्या आंतोनी गाउदी या कातालान वास्तुकाराचे चरित्र प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. हे चरित्र भारतीय भाषांच्या अभ्यासकांपुढे ठेवण्यास आणखीही एक कारण आहे. गाउदी ज्या समाजात वाढला तो आपल्या मातृभाषेच्या पुनरुज्जीवनाने भारलेला होता, आणि त्याची प्रमुख कृती त्याच्या मृत्यूनंतर एखाद्या खंडित पोथीप्रमाणे अवशेषांवरून सिद्ध करावी लागली. पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला या कथेत आपल्याच क्षेत्रातील काही ओळखीचे प्रश्न भेटतील.

१

गाउदीचा जन्म २५ जून १८५२ रोजी कातालुन्याच्या दक्षिण भागात झाला. जन्मस्थान रेउस हे शहर की त्याच्या जवळचे रिउदोम्स हे खेडे, याविषयी दोन्ही गावांत अद्याप एकमत नाही. वडील फ्रान्सेस्क हे तांबट होते आणि हा व्यवसाय घराण्यात काही पिढ्या चालत आला होता. तांब्याच्या सपाट पत्र्यावर घाव घालीत घालीत त्यातून पोकळ, फुगीर, वळणदार भांडे कसे आकाराला येते, हे दृश्य मुलाने रोज पाहिले. अवकाशाची कल्पना आपल्याला कागदावरच्या रेखनातून नव्हे तर वडिलांच्या कामावरून आली, असे तो उतारवयात सांगत असे. गाउदीची कल्पना पुढे कागदाऐवजी दोरी, साखळी, प्लास्टर आणि वजने यांच्याद्वारे का चालत राहिली, याचा उलगडा या तांबटाच्या दुकानात होतो.

लहानपणापासून संधिवाताने त्याला ग्रासले होते. इतर मुले खेळत तेव्हा त्याला कित्येकदा घरीच थांबावे लागे, आणि रिउदोम्सजवळच्या शेतघरात त्याचे दिवसच्या दिवस झाडे, किडे, गोगलगायी, दगड यांच्या सहवासात जात. चरित्रकारांनी या एकांताला फार मोठे काव्यमय रूप दिले आहे. त्यातील अतिशयोक्ती वगळली तरी निरीक्षणाची सवय येथेच लागली हे मान्य करावे लागते. रेउसमधील शिक्षणानंतर तो १८६८ मध्ये बार्सिलोनाला आला आणि यथाकाल तेथील वास्तुविद्यालयात दाखल झाला. शिक्षणाच्या काळात उपजीविकेसाठी त्याला इतर वास्तुकारांकडे आरेखकाचे काम करावे लागले. १८७६ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेला भाऊ आणि त्यापाठोपाठ आई निवर्तली. १८७८ मध्ये त्याला वास्तुकाराची पदवी मिळाली. पुढील वर्षी बहीणही गेली आणि तिच्या मुलीचा सांभाळ वृद्ध आजोबांकडे आणि अविवाहित मामाकडे आला.

या कौटुंबिक पार्श्वभूमीइतकीच महत्त्वाची आहे ती सांस्कृतिक पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कातालुन्यात 'रेनाशेन्सा' म्हणजे पुनर्जागरण या नावाची चळवळ सुरू होती. १७१४ मध्ये बार्सिलोना पडल्यानंतर कातालान भाषेची राज्यव्यवहारातून हकालपट्टी झाली होती. ती केवळ घरची आणि शेतावरची बोली होऊन राहिली होती. १८५९ मध्ये मध्ययुगीन काव्यस्पर्धांचा उत्सव बार्सिलोनात पुन्हा सुरू झाला आणि त्यातून आधुनिक कातालान काव्य उभे राहिले. जसिंत वर्दागेर या धर्मोपदेशक कवीच्या 'आतलांतिदा' या महाकाव्याला १८७७ मध्ये याच उत्सवात गौरव मिळाला. पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या गाउदीच्या भोवती हेच वातावरण होते. देशी भाषा प्रौढ साहित्याला समर्थ आहे हे सिद्ध करण्याची ईर्षा आणि देशी वास्तुकला परक्या नमुन्यांवाचून उभी राहू शकते हे सिद्ध करण्याची ईर्षा या दोन्ही एकाच मुळातून आलेल्या होत्या.

२

१८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात एका हातमोजे विक्रेत्यासाठी गाउदीने काचेचे एक प्रदर्शनकपाट तयार केले होते. ते एउसेबी ग्वेल या धनाढ्य कातालान उद्योजकाच्या नजरेत भरले. कपाटाच्या कर्त्याचा त्याने शोध घेतला आणि तेथून सुरू झालेला आश्रयदाता आणि कलावंत यांचा संबंध १९१८ मध्ये ग्वेलच्या मृत्यूपर्यंत टिकला. या आश्रयाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ग्वेलचा सासरा आंतोनियो लोपेस याने क्यूबातून मोठी संपत्ती मिळविली होती आणि गुलामांच्या व्यापाराशी त्याचे नाव जोडलेले होते. याच कारणास्तव २०१८ मध्ये बार्सिलोनातील त्याचा पुतळा हटविण्यात आला. वर्दागेरने आपले महाकाव्य अर्पण केले होते ते याच लोपेसला. काव्य, वास्तू आणि वसाहतीतील धन यांची ही गुंफण विसरून त्या काळाचे मूल्यमापन करता येत नाही.

ग्वेलच्या शेतवाडीच्या प्रवेशद्वारावर गाउदीने १८८४ ते १८८७ या काळात घडीव लोखंडाचा एक अजस्र सर्प उभा केला. सुवर्णफळांच्या बागेचे रक्षण करणारा हा पुराणसर्प वर्दागेरच्या महाकाव्यातून आलेला आहे. म्हणजे आरंभी गाउदीची वास्तू साहित्याचा अर्थ लावीत होती. तिचे अनुकरण प्रतिमेच्या पातळीवरचे होते.

हीच गोष्ट १८८३ मध्ये सुरू झालेल्या विसेन्स यांच्या घराविषयी म्हणता येते. जागा पाहावयास गेला तेव्हा तेथे पिवळी फुले फुललेली होती आणि एक ताडासारखे झाड होते, असे सांगतात. गाउदीने ती फुले भिंतीच्या फरश्यांवर आणि त्या झाडाच्या जातीची पंख्यासारखी पाने लोखंडी कुंपणात कायम केली. ती फुले झेंडूची होती. अमेरिका खंडातून आलेले हे फूल आपल्याकडे दसऱ्याच्या तोरणात गेले आणि बार्सिलोनात भिंतीवर चढले. घर बांधताना जी वनस्पती नष्ट होणार तिची आठवण त्या घरानेच जपावी ही कल्पना हृद्य आहे. तथापि येथे निसर्ग घराच्या अंगावर आहे, घराच्या अस्थींत नाही. फरश्या काढून टाकल्या तरी भिंत तशीच उभी राहील. गाउदीचा पुढचा चाळीस वर्षांचा प्रवास म्हणजे निसर्गाला अंगावरून अस्थींत नेण्याचा प्रवास होय.

३

या प्रवासातील निर्णायक टप्पा बार्सिलोनापासून जवळच, सांता कोलोमा दे सेर्वेल्यो येथे घडला. ग्वेलने आपल्या कापडगिरणीतील कामगारांसाठी तेथे वसाहत उभारली होती आणि तिच्यासाठी एक चर्च बांधण्याचे काम १८९८ मध्ये गाउदीकडे सोपविले. गाउदीने बांधकामाला हात घालण्यापूर्वी दहा वर्षे एका प्रतिकृतीवर खर्च केली.

या प्रतिकृतीमागील तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. दोन टोके धरून साखळी सैल सोडली की ती एक वक्र धारण करते. साखळी फक्त ताण सहन करू शकते; म्हणून तिने घेतलेल्या आकारात ताणावाचून दुसरे बल नसते. हाच आकार उलटा केला तर ताणाच्या जागी दाब येतो आणि दगड किंवा वीट यांना दाबच सोसवतो. म्हणून लोंबणाऱ्या साखळीचे उलटे रूप ही दगडी कमानीची आदर्श आकृती ठरते. हे सत्य रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात नोंदवून ठेवले होते. त्याच तत्त्वाचा उपयोग जोव्हान्नी पोलेनी याने रोममधील सेंट पीटर्सच्या तडे गेलेल्या घुमटाची परीक्षा करण्यासाठी केला आणि १७४८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हूकने तत्त्व सांगितले, पोलेनीने ते एका उभ्या इमारतीला लावून पाहिले. गाउदीने त्यातून संपूर्ण इमारत जन्माला घातली.

एक दशमांश प्रमाणात त्याने छताला दोऱ्या बांधल्या, दोऱ्यांना दोऱ्या जोडल्या आणि प्रत्येक ठिकाणी त्या भागावर येणाऱ्या भाराच्या दहा हजाराव्या अंशाइतक्या वजनाच्या शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या लटकविल्या. एक पिशवी जड केली की केवळ तीच दोरी खाली येत नसे. तिच्याशी जोडलेली सगळी जाळी किंचित हलून नव्या समतोलात स्थिर होत असे. मग या लोंबत्या जाळीची छायाचित्रे काढून ती उलटी धरली जात आणि त्यांवर रंगाने भिंती, खिडक्या आणि शिखरे रेखाटली जात.

आजच्या प्राचलाधारित अभिकल्पाचा गाभा हाच आहे. वास्तुकार आकृती काढीत नाही. तो घटकांमधील संबंध ठरवितो. काही राशी बदलल्या की आकृती स्वतःच नव्याने सिद्ध होते. संगणक जे गणित आज क्षणात करतो ते गाउदीसाठी गुरुत्वाकर्षण करीत होते. निसर्गाच्या रूपाचे चित्रण बाजूला ठेवून त्याने निसर्गालाच गणक म्हणून कामाला लावले. १९०८ मध्ये प्रत्यक्ष बांधकाम सुरू झाले; १९१४ मध्ये ते थांबले तेव्हा केवळ तळचे प्रार्थनागृह पूर्ण झाले होते. तेथील बसाल्टचे स्तंभ तिरपे उभे आहेत आणि प्रथम पाहणाऱ्याला ते वादळात वाकलेल्या झाडांसारखे स्वैर वाटतात. वास्तविक ते ज्या दिशेने भार येतो त्याच दिशेने झुकलेले आहेत. झाडाशी त्यांचे साम्य दिसते याचे कारण झाडही तेच करते.

मूळ प्रतिकृती नष्ट झाली. १९८० च्या दशकात स्टुटगार्ट येथील संशोधकांनी जुन्या छायाचित्रांवरून तिची पुनर्रचना केली. याच शहरातील फ्राय ओटो या वास्तुकाराने १९७५ मध्ये मानहाइम येथील भव्य लाकडी जाळीच्या छताचा आकार लोंबत्या साखळ्यांच्या प्रतिकृतीवरूनच निश्चित केला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

४

१९०० पासून पुढची चौदा वर्षे गाउदीच्या कीर्तीची आणि तिच्या मर्यादांचीही वर्षे होती. बार्सिलोनावरच्या टेकडीवर ग्वेलसाठी त्याने साठ घरांची उद्यानवसाहत आखली. डोंगर कापून सपाट न करता त्याच्या चढउतारांशी जुळवून रस्ते नेले. खोदकामातून निघालेल्या दगडाचेच तिरपे स्तंभ उभारले. पठारावर पडणारे पावसाचे पाणी खालच्या शहाऐंशी स्तंभांच्या पोकळीतून उतरून टाक्यात साठावे अशी योजना केली. पठाराच्या कडेच्या नागमोडी बाकावर जोसेप मारिया जुजोल या सहकाऱ्याने फुटक्या फरश्यांची आणि चिनीमातीच्या तुकड्यांची जडणी केली. मुंबई-पुण्याकडे गच्चीवर ज्याला चायना मोझेक म्हणतात त्याच जातीचे हे काम आहे. दोन्हीकडे कारण एकच : वक्र पृष्ठावर अखंड फरशी बसत नाही, तुकडा बसतो. परंतु साठांपैकी केवळ दोन घरे उभी राहिली. निसर्गाशी सुसंवाद साधणारी ही वसाहत गिऱ्हाइकांना शहरापासून फार दूर वाटली. पुढे ती सार्वजनिक उद्यान झाली आणि १९८४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेली.

बात्ल्यो घराच्या दर्शनी भागातील खांब हाडांसारखे दिसतात म्हणून लोक त्याला हाडांचे घर म्हणू लागले. १९०६ ते १९१२ या काळात झालेल्या मिला घराला दगडाची खाण हे नाव थट्टेने पडले आणि तेच टिकले. या मिला घराच्या लाटांसारख्या दगडी भिंतीमागे लोखंडी सांगाडा आहे. भिंत छत पेलीत नाही. माळ्यावर मात्र विटांच्या दोनशे सत्तर कमानी साखळीच्या उलट्या वक्रात उभ्या आहेत. एकाच इमारतीत निसर्गाची दोन अनुकरणे आहेत, आणि कौतुक बहुधा दर्शनी लाटांचे होते. माळ्यावरच्या कमानींत जे तत्त्व आहे त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

जुलै १९०९ मध्ये मोरोक्कोतील युद्धासाठी होणाऱ्या सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध बार्सिलोनात उठाव झाला आणि अनेक चर्च व मठ जाळले गेले. मिला घराच्या शिखरावर कुमारी मरियेची भव्य मूर्ती बसवावी ही गाउदीची योजना मालकांनी त्यानंतर सोडून दिली. मानधनावरून मालकांशी झालेला वाद न्यायालयात गेला. गाउदी जिंकला आणि मिळालेली रक्कम त्याने धर्मकार्याला दिली. हे त्याचे शेवटचे निवासी काम ठरले. १९०६ मध्ये वडील, १९१२ मध्ये भाची, १९१४ मध्ये निकटचा सहकारी फ्रान्सेस्क बेरेंगेर आणि १९१८ मध्ये ग्वेल यांचा मृत्यू झाला. १९१४ पासून गाउदीने इतर सर्व कामे सोडली आणि उरलेले आयुष्य एकाच मंदिराला वाहिले.

५

साग्रादा फामिलिया, म्हणजे पवित्र कुटुंबाचे मंदिर, ही कल्पना एका पुस्तकविक्रेत्याने स्थापन केलेल्या भक्तमंडळाची होती. १९ मार्च १८८२ रोजी कोनशिला बसली. प्रथम नेमलेल्या वास्तुकाराने मतभेदामुळे काम सोडले आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये ते एकतीस वर्षांच्या गाउदीकडे आले. हे प्रायश्चित्ताचे मंदिर होते. म्हणजे ते केवळ देणग्यांवर उभे राहावयाचे होते. देणगी आटली की काम थांबे. १९०५ मध्ये कवी जोआन मारागाल याने या मंदिरासाठी भिक्षा मागणारा लेख लिहिला, आणि पुढे गाउदी स्वतः शहरात दारोदार फिरून पैसे मागू लागला.

जन्मोत्सवाच्या दर्शनी भागासाठी त्याने जे केले ते अनुकरणाची परिसीमा म्हणावी लागेल. कोंबड्यांना गुंगी आणून त्यांचे प्लास्टरचे साचे घेतले; जिवंत माणसांचे साचे घेतले; मृत अर्भकांचेही घेतले. सांगाड्यांना निरनिराळ्या ठेवणीत उभे करून आरशांच्या साहाय्याने त्यांची छायाचित्रे काढली. इतके करूनही त्या मूर्तींपुढे आजचा प्रेक्षक थोडा संकोचतो. साचा अचूक आहे, पण साच्यात श्वास नाही. शंकुकाच्या मतावरील आक्षेप दगडात पाहावयाचा असेल तर तो येथे दिसतो.

त्याच मंदिराच्या अंतर्भागाचा विचार गाउदीने आयुष्याच्या अखेरच्या दशकात केला, तेव्हा मात्र त्याने झाडाचा साचा घेतला नाही. आपल्या कार्यशाळेजवळचे झाड हाच आपला गुरू असे तो शिष्यांना सांगत असे; पण त्या गुरूकडून त्याने पाने घेतली नाहीत, भार वाटून देण्याची रीत घेतली. गॉथिक चर्चमध्ये उंच छताचा रेटा पेलण्यासाठी बाहेरून तिरक्या आधारकमानी लावाव्या लागतात. गाउदीला त्या पांगळ्याच्या कुबड्यांसारख्या वाटत. त्याने स्तंभांनाच फांद्या फोडल्या. प्रत्येक फांदी छताच्या ठरावीक भागाचा भार उचलते आणि भाराच्या दिशेने झुकलेल्या खोडातून जमिनीत उतरविते. आधारकमानींची गरज उरली नाही.

स्तंभाचे खोडही असेच नियमातून आले. तारकाकृती तळ एका दिशेने पिळत वर न्यावा, तोच उलट्या दिशेनेही पिळावा आणि दोहोंना समान असलेला भाग ठेवावा. वर जाताना कडांची संख्या दुपटीने वाढत जाते आणि माथ्याजवळ स्तंभ जवळजवळ गोल होतो. सहा, आठ, दहा आणि बारा कोनांच्या स्तंभांसाठी अनुक्रमे वालुकाश्म, ग्रॅनाइट, बसाल्ट आणि पॉर्फिरी हे दगड योजले गेले. भार जितका अधिक तितका दगड कठीण. छत आणि गवाक्षे यांच्यासाठी त्याने सरळ रेषा अवकाशात सरकविल्याने निर्माण होणारी वक्रपृष्ठे निवडली : अपास्तज, अपास्तीय अन्वस्तज, सर्पिल पृष्ठ. दिसण्यात ही पृष्ठे शिंपले, पाकळ्या, हाडांचे सांधे यांच्यासारखी मृदू असतात. पण त्यांच्यावर कोठेही सरळ पट्टी ठेवता येते. म्हणून साधा गवंडी दोरी ताणून ती घडवू शकतो. त्याच जातीचे नागमोडी छत त्याने १९०९ मध्ये मंदिराच्या आवारातील कामगारांच्या मुलांच्या शाळेला दिले होते. पातळ विटांचे हे छत केवळ आपल्या वळणामुळे मजबूत आहे. पुढे १९२८ मध्ये ल कॉर्बुझिए बार्सिलोनात आला तेव्हा त्याने या शाळेचे रेखाटन करून घेतले.

मुख्य शिखराची उंची गाउदीने एकशे साडेबहात्तर मीटर ठरविली. बार्सिलोनाच्या कडेची मोंजुइक टेकडी याहून थोडी उंच आहे. ईश्वराच्या निर्मितीवर मनुष्याच्या निर्मितीने कुरघोडी करू नये, हा त्यामागचा भाव होता.

६

११ सप्टेंबर १९२४ रोजी, १७१४ मध्ये बार्सिलोनासाठी पडलेल्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या प्रार्थनेला बाहत्तर वर्षांचा गाउदी निघाला होता. प्रिमो दे रिवेराची हुकूमशाही चालू होती आणि तिने कातालान भाषेवर निर्बंध घातले होते. पोलिसांनी अडविले तेव्हा तो कातालानमध्येच बोलत राहिला. स्पॅनिश बोलण्यास त्याने नकार दिला. त्याला अटक झाली, काही तास कोठडीत ठेवले आणि दंड भरल्यावर सोडले. हा प्रसंग चरित्रकार बहुधा स्वाभिमानाची कथा म्हणून सांगतात. पण मातृभाषा हीही त्याच्या दृष्टीने निसर्गदत्त वस्तू असावी. ज्याने आयुष्यभर दगडावर त्याच्या स्वभावाविरुद्ध बल येऊ दिले नाही त्याने आपल्या जिभेवरही ते येऊ दिले नाही.

३० नोव्हेंबर १९२५ रोजी जन्मोत्सवाच्या दर्शनी भागावरचे संत बार्नबाचे शिखर पूर्ण झाले. त्याने पूर्ण झालेले पाहिलेले हे एकच शिखर. ७ जून १९२६ रोजी नित्याप्रमाणे प्रार्थनेला चालत जात असताना ट्रामची धडक बसून तो पडला. अंगावरच्या जीर्ण कपड्यांमुळे लोकांनी त्याला भिकारी समजले आणि गरिबांच्या रुग्णालयात नेले. ओळख पटली तेव्हा उशीर झाला होता. १० जूनला त्याचा अंत झाला आणि मंदिराच्या तळघरात त्याचे दफन झाले. अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीने शहराच्या रस्त्यांच्या कडा भरून गेल्या होत्या.

७

गाउदीने आपल्या कलेवर जवळजवळ काहीच लिहिले नाही. तरुणपणची एक टिपणवही आणि १८८१ मधला एक वृत्तपत्रीय लेख एवढेच त्याचे लिखित धन. त्याची म्हणून आज जी मते उद्धृत होतात ती शिष्यांनी ऐकून टिपून ठेवलेली आहेत. २० जुलै १९३६ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभीच, कार्यशाळा जाळण्यात आली. रेखाटने भस्मसात झाली आणि प्लास्टरच्या प्रतिकृतींचे तुकडेतुकडे झाले. शिष्यांनी ते तुकडे वेचून जपले.

महानुभाव परंपरा लीळाचरित्राविषयी असेच काही सांगते : चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून लिहिल्या, मूळ ग्रंथ खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गहाळ झाला आणि अनुयायांनी स्मरणातून तो पुन्हा सिद्ध केला, त्यातून पाठभेद निर्माण झाले. गाउदीच्या मंदिरापुढेही हाच प्रश्न होता. तुकड्यांवरून उभे केलेले ते कोणाचे? जानेवारी १९६५ मध्ये ल कॉर्बुझिएसह अनेक कलावंतांनी आणि विचारवंतांनी बांधकाम थांबविण्याची मागणी करणारे पत्र प्रसिद्ध केले. कर्त्यावाचून कृती पुढे नेणे म्हणजे तिचा विपर्यास, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मूर्तिकामाच्या बाबतीत तो पूर्णपणे लागू पडतो. नंतरच्या शिल्पकारांची शैली त्यांची स्वतःची आहे. पण अंतर्भागाची गोष्ट निराळी आहे. १९७९ पासून न्यूझीलंडचा मार्क बरी हा वास्तुविद्येचा अभ्यासक या कामात सहभागी झाला. तुटक्या प्लास्टरच्या पृष्ठांची मोजमापे घेऊन ती कोणत्या अपास्तजाचा अंश आहेत हे शोधणे, हे त्याचे काम होते. आरंभी ते हाताने चाले. १९९० च्या दशकापासून विमाननिर्मितीच्या क्षेत्रातील संगणकप्रणाली वापरात आली. प्रत्येक पृष्ठ थोड्या राशींनी निश्चित होत असल्यामुळे तुकड्यावरून अखंड आकृती काढणे शक्य झाले. मात्रावृत्तातील रचनेचा अर्धा चरण हाती लागला तर उरलेल्या मात्रा किती हे अभ्यासकाला कळते. शब्द मात्र कळत नाहीत. गाउदीने मात्रा ठरवून ठेवल्या होत्या. शेजारच्या पृष्ठांशी जुळणी पाहून शब्दही बऱ्याच अंशी सापडले.

७ नोव्हेंबर २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या हस्ते मंदिराचे पवित्रीकरण झाले, तेव्हा वृक्षस्तंभांचे ते वन प्रथमच छताखाली पुरे झाले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांनी गाउदीला 'पूज्य' घोषित केले. संतपदाच्या मार्गावरील ती एक पायरी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंदिराने उंचीत जर्मनीतील उल्म येथील चर्चला मागे टाकले.

अनुकरण म्हणजे काय या आरंभीच्या प्रश्नाकडे आता वळता येते. गाउदीच्या आयुष्यात अनुकरणाचे दोन प्रकार अखेरपर्यंत शेजारी शेजारी नांदले. एकात तो निसर्गाने घडविलेल्या वस्तूची नक्कल करीत होता. दुसऱ्यात निसर्ग ज्या नियमाने घडवितो त्या नियमाखाली स्वतःला ठेवीत होता. पहिल्या प्रकारची कामे त्याच्या हातांवर अवलंबून होती आणि त्याच्याबरोबर थांबली. दुसऱ्या प्रकारची कामे तुकड्यांतूनही पुन्हा उगवली. कारण नियम कोणा एकाच्या मालकीचा नसतो. जैवानुकृतीच्या नावाखाली आज पानाफुलांचे आकार मिरविणाऱ्या पुष्कळ इमारती संगणकावर सहज निघतात. त्यांच्यापैकी कोणती विसेन्सच्या भिंतीवरचा झेंडू आहे आणि कोणती लोंबत्या दोरीची कमान, एवढे तरी प्रत्येकीविषयी विचारले पाहिजे. तांबटाच्या मुलाने झेंडूपासून आरंभ केला आणि दोरीपाशी तो पोहोचला. त्या अंतराला त्याची बरीच वर्षे लागली.